दिवा मालवू न देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

त्या संध्याकाळी तुम्ही हात धुऊन निघालात तेव्हा माझ्या तोंडून धड शब्द फुटला नाही. घसा दाटून आला होता. आज जमतं का बघते.

आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बांबोळीच्या इस्पितळात न्यावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. डिचोलीहून पणजी, तिथे बस बदलून बांबोळी. डायलिसिस करून आलेल्या बाईला श्रावणातल्या पावसात असं परत आणणं म्हणजे काय, ते मी तीन आठवडे अनुभवलं. गाडी दारात होती, पण इंजिनाच्या चारांतला एक सिलिंडर काम करत नव्हता. उभ्या जागी इंजिन अडखळायचं, चढावाला जीव जायचा, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा सारखा पेटलेला.

गॅरेजवाल्यांनी काय केलं? आधी चारही प्लग बदलले, मग इग्निशन कॉइल. दोन्ही वेळा पैसे घेतले आणि दोन्ही वेळा गाडी तशीच अडखळत घरी आली. तिसऱ्यांदा म्हणाले, चारही इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणारे भाग, बदला, कदाचित ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणकसुद्धा. "नक्की काय बिघडलंय?" असं मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "घरी पुरुष माणूस कोणी असेल तर पाठवा, त्याला समजावून सांगतो." ते वाक्य अजून सलतं. बिघाड न शोधता सुटे भाग बदलत राहायचे आणि विचारणाऱ्या बाईला गप्प करायचं, याला कारागिरी म्हणत नाहीत.

तुम्ही आलात, बॉनेट उघडलंत आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावलीत. मग तोच स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात. "ऐक, बाय." तीन ठिकाणी टक टक टक, घड्याळासारखी. चौथ्या ठिकाणी काही नाही. मग इंजिन बंद करून मीटर लावलात. तिघांचा आकडा १२ ओहमच्या आसपास, चौथ्याचा काहीच येईना. आतली कॉइल तुटली होती. चारांतला एकच मेला होता, काका! म्हापशाहून तो एक आणि नव्या रबरी ओ-रिंगा आणल्या, तेवढंच लागलं. खाणी २०१२ साली बंद पडेपर्यंत तुमची सगळी हयात खाणीच्या टिपर ट्रकांच्या दुरुस्तीत गेली, तरी माझ्या छोट्या पेट्रोल गाडीसमोर तुम्ही घाई केली नाहीत.

कामाचा तपशील इथे लिहीत नाही. लिहायचंय ते दिव्याबद्दल.

टाकीतून पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत तुम्ही चालू ठेवलंत. मला सांगितलंत की टायरमध्ये हवा ३२ पीएसआय असते, इथे रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, ते ४० च्या वर दाबाने कोंडलेलं असतं, चावी काढली तरी. बॅटरीची वायर सोडवलीत. रेल सैल करणार, एवढ्यात तुमचं लक्ष तुळशीकडे गेलं. आईने नुकताच दिवा लावला होता, गाडीपासून चार पावलांवर. दाब उतरला तरी रेलमधून थोडं पेट्रोल सांडतंच, आणि त्याच्या वाफेला एवढीशी ज्योत पुरते. आई लगबगीने उठली, म्हणाली, "मालवते हो."

तुम्ही पाना खाली ठेवलात. "नको वहिनी, देवाचा दिवा मालवू नका. गाडी ढकलूया."

आणि ढकललीत, काका! पासष्टी उलटलेले तुम्ही, मी आणि हाक मारून बोलावलेला शेजारचा मुलगा. पावसाने मऊ झालेल्या अंगणातून पार काजूच्या झाडापर्यंत. वास इकडे येत नाही ना, वारा कुठून आहे, हे तुम्ही दोनदा बघितलंत आणि मगच रेलला हात लावलात. आईसाठी तो दिवा काय आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आजारपणात तिच्या हातून एकेक काम सुटत गेलं. स्वयंपाक सुटला, विहिरीचं पाणी सुटलं. सांजेचा दिवा तेवढा उरलाय. तो तुम्ही तिच्याकडून घेतला नाहीत. दुसऱ्या कोणी "मालवा" म्हटलं असतं तरी ते चूक नव्हतं, आम्हीही काही मनात आणलं नसतं. तरीही तुम्ही जास्तीचे कष्ट स्वतःकडे घेतलेत. माणसाचा चांगुलपणा मला वाटतं असाच असतो. समोरच्याने मागितलेला नसतो, आणि नाही दिला तर कुणाला कळतही नाही.

नवा इंजेक्टर बसला. फ्यूज आणि बॅटरी जोडून पेट्रोल कुठे झिरपतंय का ते बघितलंत, मग चावी माझ्या हातात दिलीत. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं, एकसारखं. आई तुळशीपाशी हात जोडून उभी होती. तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहा तेवढा घेतलात.

त्यानंतर चार वेळा बांबोळीला जाऊन आलो. परतताना आई मागच्या सीटवर शांत झोपते.

तुमचा लांब स्क्रू ड्रायव्हर आमच्याकडेच राहिलाय. आईने तो पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवलाय. मी आणून देणार होते, पण ती म्हणते, तुम्ही गणपतीच्या चवथीला याल तेव्हा ती स्वतःच्या हाताने देईल. नक्की या.

तुमची,
काजूच्या झाडाच्या घरातली बाय