आप्पा, पानांना भोकं पडली!

आदरणीय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइल वापरत नाही, पण तुमची लेक हे वाचून दाखवेल. कॉलनीतल्या सगळ्यांसमोर तुमचे आभार मानायचे होते, म्हणून असं उघड लिहितो आहे.

तुम्ही पहिल्यांदा लेकीकडे जळगावला आलात, तेव्हा आमच्या ओपन स्पेसमध्ये कोनोकार्पस या परदेशी झाडाची रांग होती. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी हिरवीगार. आम्हाला तिचं केवढं कौतुक! तुम्ही एक पान चुरगळून विचारलंत, “हाई कोन खाई?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. झाडाला कीड लागत नाही, हा आम्ही त्याचा गुणच समजत होतो. एरवी दाणे टिपणारी चिमणी पिलांना मात्र अळ्या भरवते, अळी नसेल तर पिलं जगायची कशी, हे तुम्ही सांगेपर्यंत डोक्यातही आलं नव्हतं. पुढे २०२३ मध्ये शेजारच्या गुजरातने या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली, तेव्हा तुमचीच आठवण झाली.

मग सातपुड्याच्या पायथ्याहून तुमच्या पिशव्या येऊ लागल्या. पळस, बहावा, हिवर, करवंद, आणि आपल्या खडकाळ टेकड्यांवर तग धरणारा अंजन. बहाव्याचं बी कठीण, ते गरम पाण्यात भिजवायचं. रोपाशेजारी जुना माठ पुरून त्यात पाणी भरायचं. पालापाचोळा जाळायचा नाही. सगळं हाताला धरून शिकवलंत. त्याच पाचोळ्यात आता रोज सकाळी सातभाई पक्षी पानं उलटून किडे शोधत कलकलाट करतात.

एक गोष्ट कबूल करायची आहे. रुईवरच्या काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या बघून फवारणीचा पंप आणला होता, तो मीच. तुम्ही रागावला नाहीत. रुईच्या पानासकट एक अळी बरणीत घातलीत, तोंडाला फडकं बांधलंत आणि बरणी माझ्या मुलीच्या हाती दिलीत. रोज ताजं पान आणायचं काम तिचं. अळीचा हिरवा कोष झाला. एका रात्री तो पारदर्शक झाला, आतले केशरी पंख दिसू लागले. मुलगी झोपायलाच तयार नव्हती. सकाळी बिबळ्या कडवा नावाचं फुलपाखरू बाहेर आलं, पंख वाळेपर्यंत फडक्याला लटकून राहिलं आणि उडालं. तो पंप मी त्यानंतर उद्यानात नेला नाही. त्या सकाळीच तुमचे आभार मानायला हवे होते, आप्पा. राहून गेलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला न्यायला याल, तेव्हा एक दिवस आधीच या. सोबत नेपतीच्या काटेरी झुडपाचं बी मिळालं तर आणा, कुंपणालगत जागा राखून ठेवली आहे. आणि बाकाशेजारची रुई बघायची आहे तुम्हाला. तिच्या पानांना भोकं पडली आहेत.

तुमचा,
कॉलनीतला एक शेजारी