सोन्याचा डूल

प्रिय मनू,

आपल्या कण्हेरीवर गेल्या रविवारी एक कोश सापडला. पानाच्या खालच्या अंगाला उलटा टांगलेला, बोटाच्या पेराएवढा, आणि चकाकी अशी की जवळ गेलो तर त्यात माझं तोंड वाकडंतिकडं दिसलं. हबशी फुलपाखराचा आहे.

दुसरीत असताना तू असंच पान तोडून आणलं होतंस. "बाबा, झाडाला सोन्याचा डूल आलाय!" मी कामाच्या गडबडीत म्हणालो, "सोनं कसलं, किडा आहे तो. टाक बाहेर." तुझा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो.

परवा कोशासाठीच्या 'क्रिसॅलिस' या इंग्रजी शब्दाचं मूळ शोधत बसलो. ग्रीकमध्ये 'ख्रुसोस' म्हणजे सोनं, त्यावरून 'ख्रुसाल्लिस'. तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलने कोबीच्या पानांवरच्या अळ्यांबद्दल लिहिताना हाच शब्द वापरला आहे. लॅटिनमध्येही सोन्यावरूनच 'ऑरेलिया' आला. म्हणजे तुला जे दिसलं, तेच त्या लोकांनाही दिसलं होतं. चुकलो मी होतो, मनू.

कोशाला दुसरा शब्द 'प्यूपा'. त्याचा अर्थ लॅटिनमध्ये मुलगी, बाहुली. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने तो शब्द कीटकांसाठी रूढ केला. तू दुपट्यात गुंडाळलेली असायचीस, तेव्हा अगदी तशीच दिसायचीस.

आणि आपला 'कोश'! तलवारीची म्यान तो कोश, राजाचा खजिना तो कोश, शब्द साठवले की शब्दकोश. रेशमाला संस्कृतात 'कौशेय' म्हणतात तेही यावरूनच, आणि विदर्भातलं कोसा रेशीमही त्याच घरातलं. रेशीमकिडा मात्र स्वतःभोवती धागा गुंडाळतो. आपल्या हबशीची अळी तसं काही करत नाही. ती शेवटची कात टाकते आणि आतून कोशच बाहेर येतो. झाकणं आणि जपणं, दोन्ही या एका शब्दात आहे. मला तो ग्रीक शब्दाहूनही आवडतो.

कालपासून चकाकी काळवंडली आहे. आतल्या दुमडलेल्या पंखांवरचे पांढरे ठिपके दिसायला लागलेत. बहुधा उद्या सकाळी बाहेर पडेल. टरफल काडेपेटीत कापूस घालून ठेवतो, दिवाळीला आलीस की बघ. त्यात सोनं नसेल. ती चकाकी रंगाची नसते, सालीच्या पातळ थरांवरून उजेड परततो, तेवढ्यापुरती असते. मागे उरतं ते कांद्याच्या पापुद्र्यासारखं, आरपार दिसणारं.

पहाटे उठून बसणार आहे कण्हेरीपाशी. उठलीस की फोन कर.

तुझा,
बाबा