भिंत ओळखल्याशिवाय ड्रिल घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की पुरवण्यांतून 'घरच्या घरी' करायच्या कामांची सदरे सुरू होतात आणि शेजारच्याच पानावर शंभर नगांच्या ड्रिल किटची जाहिरात असते. हौस चांगलीच आहे. एका पडद्याच्या रॉडसाठी कारागिराच्या चार दिवस मागे लागण्यापेक्षा आपले आपण केलेले बरे. पण मशीन किती वॅटचे आणि किटमध्ये नग किती एवढेच पाहून खरेदी होते. ज्या भिंतीला भोक पाडायचे ती कशाची आहे, हे घेणारा विचारत नाही आणि विकणाराही. 'खराब निघाली' म्हणून परत येणाऱ्या बऱ्याच मशिनांत बिघाड नसतोच, ती चुकीच्या भिंतीवर चालवलेली असतात. याबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहोत.

घराघरांत जे ड्रिल असते ते इम्पॅक्ट ड्रिल, साधारण ५०० ते ६५० वॅटचे, १३ मि.मी. चक (बिट पकडणारा जबडा) असलेले. त्याच्या पोटात दाते असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि बिट, म्हणजे भोक पाडणारी सळी, पुढे-मागे थरथरते. मिनिटाला ४०-४५ हजार ठोके असे खोक्यावर छापलेले असते आणि ते खरेही असते, पण प्रत्येक ठोका टिचकीएवढा. मागून दाबाल तेवढाच तो लागतो. भाजक्या विटेच्या भिंतीला एवढे पुरते. ६ किंवा ८ मि.मी.चे भोक अर्ध्या मिनिटात होते.

आता मुंबई, ठाणे, पुण्यातल्या नव्या टॉवरकडे या. तिथे बऱ्याच ठिकाणी ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात, लोक त्याला 'मिवान' म्हणतात. अशा घरात वीट औषधालाही सापडत नाही. बेडरूमची भिंतसुद्धा सळईसकट काँक्रीटची. तिच्यावर इम्पॅक्ट ड्रिल टेकवले की पहिले सेंटिमीटरभर बरे जाते, मग खडी लागते आणि बिट जागच्या जागी फिरत राहते. माणूस अंगाचा भार टाकतो. मशीनचा वेग पडतो, वेग पडला की आतला पंखाही मंदावतो, वारा मिळत नाही आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता गाभा, जळते. जळक्या वार्निशचा वास आला म्हणजे वेळ गेलेली असते. बिटाचे टोक निळे पडलेले दिसले तर तेही कामातून गेले.

या भिंतीला रोटरी हॅमर लागतो. त्यात हवेच्या दाबावर पिस्टन चालतो आणि तोच बिटाच्या बुडावर हाणतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण दोन-अडीच ज्यूलचे (ज्यूल म्हणजे ठोक्याच्या जोराचे माप). दाबण्याची गरज नाही, उलट फार दाबले तर ठोका मारायला पिस्टनला वावच राहत नाही. त्याचे बिट वेगळे असते: १० मि.मी. जाडीच्या दांड्याला खाचा पाडलेले, चावीशिवाय खटकन बसणारे. ही एसडीएस पद्धत बॉशने १९७५ साली आणली आणि आज सगळ्याच कंपन्या वापरतात. दोन किलोच्या वर्गातले मशीन घराला भरपूर झाले. पाच किलोचे 'ब्रेकर' घरात आणू नये, त्याने पलीकडच्या घराचा गिलावा सुटतो. दांड्याला बोटभर ग्रीस लावूनच बिट बसवावे. आणि चार भोकांसाठी विकत कशाला घ्यायचे? हे मशीन दिवसाच्या भाड्याने मिळते.

तिसरी भिंत सर्वात फसवी. एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक, ज्याला आपल्याकडे सरसकट सिपोरेक्स म्हणतात. घनमीटरला ६०० किलोच्या आसपास भरणारा हा ब्लॉक भाजक्या विटेच्या निम्म्याहूनही हलका. इथे ड्रिल लोण्यात सुरी जावी तसे जाते आणि नेमके तेच नडते. हॅमरचे, म्हणजे ठोके देणारे, बटण चालू राहिले तर ८ चे भोक १० चे होते, गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भोकात बसवायची प्लास्टिकची खुंटी) हाताने आत सरकते आणि स्क्रू आवळला की गिट्टीच गोल फिरते. हॅमर बंद ठेवा, बिट गिट्टीपेक्षा एक मि.मी. कमी घ्या आणि साध्या ३५-४० मि.मी.च्या गिट्टीऐवजी ८० ते १०० मि.मी. लांबीची नायलॉनची गिट्टी वापरा. धातूचा फुगणारा फास्टनर काँक्रीटसाठी असतो. ब्लॉकमध्ये तो आवळाल तसा आजूबाजूचा ब्लॉकच चुरत जातो. १५ लिटरचा गीझर पाण्यासकट वीस-पंचवीस किलोचा होतो. तो ब्लॉकच्या भिंतीवर लावायचा असेल तर आरपार बोल्ट घालून पलीकडून पट्टी द्यावी, नाहीतर जागा बदलावी.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्याची अडचण निराळी. चिरा मऊ असतो, पण आत पोकळ्या असतात. बिट अचानक आत धसते आणि भोक वाकडे होते. तिथे भोक झटकून, पाणी मारून, सिमेंटचा घट्ट गोळा ठासून त्यात गिट्टी बसवावी आणि स्क्रू दुसऱ्या दिवशी आवळावा.

भिंत ओळखायला यंत्र लागत नाही. दाराच्या मागे किंवा कपाटाआड, जिथे दिसणार नाही अशा जागी ४ मि.मी.चे भोक हॅमर न लावता पाडून पाहा आणि खाली कागद धरा. आधी गिलाव्याची राखाडी पूड येते, साधारण १२ ते १५ मि.मी.पर्यंत, ती मोजायची नाही. त्यानंतर लाल-नारिंगी पूड आली तर वीट. पांढरट, रवाळ आणि भराभर आली तर ब्लॉक. बारीक राखाडी, तीही रडतखडत आली तर काँक्रीट. पांढरी पूड येऊन बिट एकदम पोकळीत गेले तर ते जिप्समचे पार्टिशन, त्याच्या गिट्ट्या वेगळ्या. काँक्रीटमध्ये चकचकीत कीस दिसू लागला तर सळई लागली आहे. थांबा आणि तीन सेंटिमीटर बाजूला सरका. सळई कापायचा हट्ट करू नये, ती इमारतीची आहे.

गिलाव्याचा मुद्दा पुन्हा सांगायला हवा, कारण फळ्या पडतात त्या बहुतेक यामुळेच. ३५ मि.मी.ची गिट्टी ३५ मि.मी.च्या भोकात ठोकली तर तिचा तिसरा हिस्सा गिलाव्यात राहतो, आणि गिलावा वजन धरत नाही. भोक ५०-५५ मि.मी. खोल पाडा, फुंकणीने किंवा सायकलच्या पंपाने पूड बाहेर काढा आणि गिट्टी गिलाव्याच्या पलीकडे वीट लागेपर्यंत आत ढकला. स्क्रूही त्या हिशेबाने लांब हवा. ६ च्या गिट्टीला ८ नंबरचा स्क्रू, म्हणजे ४.२ मि.मी. जाडीचा, ८ च्या गिट्टीला १० नंबरचा, ४.८ मि.मी.चा. किटमध्ये गिट्टीबरोबर येणारे स्क्रू बऱ्याचदा एक नंबर बारीक असतात. ते हातानेच आत जात असतील तर फेकून द्या.

बाथरूमच्या टाइलला पहिले भोक पाडताना तडा जातो तो हॅमरमुळे. टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद. साध्या सिरॅमिक टाइलला भाल्याच्या टोकाचे, काचेला भोक पाडायचे बिट चालते, पण व्हिट्रिफाइडवर ते दोन मिनिटांत बोथट होते. तिथे हिऱ्याचा मुलामा दिलेले पोकळ बिट घ्यावे. खुणेवर मास्किंग टेप चिकटवा, बिट तिरके धरून आधी अर्धचंद्र कोरून घ्या, मग हळूहळू उभे करा. वेग कमी ठेवा आणि बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पाण्याची धार सोडत राहा. पाणी मशीनमध्ये नव्हे, टाइलवर पडले पाहिजे, म्हणून हे दोघांचे काम. टाइलच्या कडेपासून निदान २५ मि.मी. आत राहा. टाइल पार झाली की बिट बदलून भिंतीचे लावा. आणि नळाच्या किंवा शॉवरच्या सरळ वर-खाली भोक पाडू नका, पाइप तिथूनच गेलेला असतो. स्विचबोर्डालाही हाच नियम: वायरचे पाइप बहुतेक बोर्डापासून सरळ वर छताकडे जातात.

आता ग्राइंडर, म्हणजे चकती फिरवून कापणारे-घासणारे हातातले मशीन. आमच्या मते घरात सर्वात आधी घेण्याचे नव्हे, सर्वात शेवटी घेण्याचे हे हत्यार आहे, आणि विकले मात्र हौसेने जाते. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला ११ हजार फेरे घेते. हिशेब केला तर तिच्या कडेचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. लोखंड कापायला, गंज घासायला ती उत्तम. पण त्यावर लाकूड कापायचे दातेरी पाते चढवण्याची जी रीत पडली आहे, ती बोटे घेणारी आहे. पाते ११० मि.मी.चे, गार्ड (चकतीवरचे संरक्षक झाकण) १०० च्या चकतीचे. पाते बसत नाही म्हणून पहिले काय होते तर गार्ड निघतो. पात्याचे भोक २० मि.मी.चे, ग्राइंडरची बैठक १६ ची, म्हणून मध्ये रिंग घालून भागवतात. रिंग विसरली की पाते एका बाजूला बसून थरथरते. घासणारी चकती लाकडात अडकली तर झिजते. दाता मात्र प्लायमध्ये रुततो, आणि रुतला की मशीनच धरणाऱ्याच्या अंगावर उलटते. वर बऱ्याच ग्राइंडरचे बटण सरकवून अडकवायचे असते, हात सुटला तरी ते बंद होत नाही. लाकडाला जिगसॉ घ्या किंवा स्प्रिंगच्या गार्डची सर्क्युलर सॉ. दोन्हीचे दाते खालून वर कापतात, म्हणून सनमायकाची चांगली बाजू खाली ठेवायची. कचरे उडतात ते वरच्या बाजूला.

लोखंड कापायच्या पातळ चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीख ठोकलेली असते, सहसा उत्पादनापासून तीन वर्षांची. चकती राळेने बांधलेली असते आणि दमट हवेत राळ कमकुवत होते. गेल्या कुठल्या तरी पावसाळ्यापासून बाल्कनीत पडलेली चकती चढवू नये.

विजेबद्दल थोडेसे. ६०० वॅटचे ड्रिल २३० व्होल्टवर अडीच-पावणेतीन ॲम्पिअरच घेते, साध्या ६ ॲम्पिअरच्या सॉकेटवर आरामात चालते. त्याला अर्थिंगची तिसरी पिन नसते हा दोष नाही. पाटीवर चौकोनात चौकोन असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचे आहे. एक्स्टेंशन मात्र १.५ चौ.मि.मी.च्या वायरचे घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर तापते. पिन न लावता उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचायची पद्धत अजून चालूच आहे. तसे करणाऱ्या कारागिराला तिथेच थांबवा आणि पन्नासची पिन आणून द्या.

कॉर्डलेसच्या जाहिरातींत आकड्यांचा बाजार झाला आहे. '२० व्होल्ट मॅक्स' आणि '१८ व्होल्ट' हे एकच: ३.६ व्होल्टचे पाच सेल म्हणजे १८, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर २० ते २१. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मशिनांवर '८८ व्हीएफ' किंवा त्याहून मोठा आकडा असतो, तो व्होल्ट नव्हे. फर्निचरचे स्क्रू, बिजागऱ्या, पडद्यांचे ब्रॅकेट एवढेच असेल तर १२ व्होल्टचे हलके मशीन हाताला बरे पडते. पुढच्या रिंगवरचे आकडे वेगाचे नसतात, स्क्रू किती आवळल्यावर मशीनने सोडायचे याचे असतात. प्लायला ५-६ वर सुरुवात करा. बॅटरी पार उतरलेली ठेवून माळ्यावर टाकली की सहा महिन्यांनी चार्ज घेत नाही. निम्मी भरून ठेवावी.

देखभाल म्हणाल तर एकच गोष्ट. मशीनच्या हवेच्या फटींतून निळ्या ठिणग्या जास्त दिसू लागल्या, मशीन अडखळू लागले, की कार्बन, म्हणजे आर्मेचरला वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे, तपासा. पाच-सहा मि.मी. उरले असतील तर बदला, आणि जोडीनेच बदला. कार्बन किरकोळ पैशांत मिळतात, तेवढ्यासाठी आर्मेचर घालवू नये. सुटे भाग मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात. गावात सर्व्हिस सेंटर आहे का ते विचारूनच कंपनी निवडा. किटमध्ये शंभर नग असण्यापेक्षा ६, ८ आणि १० मि.मी.ची तीन चांगली कार्बाइड बिटे असणे जास्त उपयोगाचे.

आवाजाचाही कायदा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवायला मनाई आहे. दुपारचे दोन ते चार सोसायटीच्या नियमात असोत वा नसोत, शेजारच्या आजींना आधी सांगून ठेवावे. काँक्रीट, ग्रॅनाइट, टाइल यांच्या धुळीत सिलिका असते, तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही; बारीक धूळ अडवणारा एफएफपी२ मास्क लावा आणि डोळ्यांना चष्मा.

शेवटी आपल्यामार्फत बिल्डर मंडळींना एक मागणे. ताबा देताना पार्किंगच्या स्टिकरापासून क्लबच्या नियमांपर्यंत सगळे फाइलमध्ये असते. त्यातच एका पानावर घराचा नकाशा देऊन कोणती भिंत काँक्रीटची, कोणती ब्लॉकची, आणि वायर-पाइप कुठून गेले आहेत हे दाखवावे. स्लॅब पोस्ट-टेन्शनचा असेल तर तेही ठळक लिहावे, कारण त्यात ताणलेल्या केबल असतात आणि न विचारता ड्रिल लावणे धोक्याचे. ज्यांच्या घराचे काम सध्या चालू आहे त्यांनी गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी टेकवून मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, एक उभी पट्टी जमिनीपासून आणि एक आडवी कोपऱ्यापासून, आकडे वाचता येतील इतक्या जवळून.

आपले,
हार्डवेअर विक्री व पॉवर टूल दुरुस्तीच्या व्यवसायातील दोन वाचक, ठाणे