माळ्यावरची खोकी रद्दीत घालण्यापूर्वी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्याच्या नौपाड्यात सध्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात सुरू आहे. घर रिकामे करण्याची तारीख जवळ आली की तीस-तीस वर्षे माळ्यावर पडून असलेले सामान दोन दिवसांत खाली येते आणि त्यातले बरेचसे न उघडताच रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. गेल्या मे महिन्यात अशाच एका इमारतीच्या जिन्याखाली, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमध्ये दबलेले ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या संगणक खेळाचे मूळ खोके मला दिसले. एक कोपरा दबलेला होता, झाकणावर कसरीने कुरतडल्याच्या खुणा होत्या, पण आत फ्लॉप्या, म्हणजे ज्यांवर खेळ साठवलेला असे त्या चुंबकीय तबकड्या, शाबूत होत्या. माहितीपुस्तिका मात्र नव्हती. ती बहुधा आदल्या दिवशीच वह्या-पुस्तकांच्या गठ्ठ्यातून गेली असावी, असे रद्दीवाल्याने सांगितले.

पुस्तिका गेली तर काय बिघडले, असे कोणी विचारील, म्हणून थोडे खुलासेवार लिहितो. जॉर्डन मेकनर यांचा हा खेळ १९८९ साली ॲपल २ संगणकासाठी आणि पुढल्या वर्षी डॉस या त्या काळच्या पीसीवरील कार्यप्रणालीसाठी आला. डॉसवर पहिला टप्पा पार केला की राजपुत्र एका दालनात येतो. तेथे औषधाच्या कुप्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीवर एक अक्षर असते. पुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचे पहिले अक्षर कोणते, ते पाहून त्याच अक्षराची कुपी प्यायची असते. चोरून केलेल्या नकलेवर खेळणाऱ्याला अडवण्यासाठी केलेली ही योजना होती. ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) या खेळाबरोबर तर एकावर एक फिरणाऱ्या दोन पुठ्ठ्याच्या चकत्या येत. त्या फिरवून समुद्री चाच्याचा अर्धा चेहरा वरचा, अर्धा खालचा असा जुळवला की खेळाने विचारलेले साल खिडकीत दिसे. ‘अल्टिमा ४’च्या खोक्यात कापडावर छापलेला नकाशा होता. तात्पर्य, खेळ एकट्या फ्लॉपीत नव्हता. तो खोक्यातल्या कागदाच्या कपट्याकपट्यांत वाटलेला होता, आणि त्यातला एखादा हरवला तर उरलेले मुके होते.

आपल्याकडे त्या काळी बहुतेकांनी हे खेळ मित्राकडून आणलेल्या फ्लॉपीवरच खेळले. मीही त्यांतलाच. त्यामुळे ज्या थोड्या घरांत खोक्यासह मूळ प्रत आली, कोणाचा मामा परदेशातून घेऊन आला किंवा वडिलांनी संगणकाबरोबर हौसेने विकत घेतली, त्या घरांतला प्रत्येक संच आज मोलाचा आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली केलेल्या पाहणीत, २०१० पूर्वी तेथे प्रकाशित झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात मिळतच नाहीत, असे आढळले. खुद्द मेकनर यांना आपल्या खेळाचा मूळ सोर्स कोड (प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर) हरवला असेच वाटत होते. २०१२ साली तो सापडला, तोही वडिलांच्या घरात राहिलेल्या एका खोक्यातल्या फ्लॉप्यांवर.

फ्रान्समध्ये १९९२ च्या कायद्याने अशा खेळांची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करणे बंधनकारक झाले. आपला १९५४ चा कायदा प्रकाशकांकडून ठरावीक ग्रंथालयांसाठी प्रती मागतो, पण त्या पुस्तके आणि वृत्तपत्रे यांच्याच. म्हणजे संगणक खेळ जपण्याची जबाबदारी आपल्याकडे घरोघरच्या माळ्यांवरच येऊन पडते, आणि ठाण्याच्या दमट हवेत माळा ही काही सुरक्षित जागा नव्हे. दोन-तीन पावसाळे बंद राहिलेल्या फ्लॉपीवर पांढरट बुरशी धरते. तशी फ्लॉपी उत्साहाने ड्राइव्हमध्ये घातली तर तिचा चुंबकीय थर खरवडला जातो, ड्राइव्हचे फ्लॉपी वाचणारे हेड माखते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खराब होते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की असे खोके हाती लागल्यास फ्लॉपी चालते का हे लगेच पाहू नये. आतला प्रत्येक कागद, अगदी खरेदीची पावतीसुद्धा, त्याच खोक्यात ठेवावा, रबरबँड आणि चिकटपट्टी लावू नये, सिलिका जेलच्या पुड्या घालून ते कोरड्या कपाटात ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे.

ज्या शहरात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभे आहे, त्या शहराला जपणुकीचे महत्त्व मी सांगायला नको. ठाण्यातील एखाद्या ग्रंथालयाने या खोक्यांसाठी एक बंद कपाट दिले, तर माझ्या संग्रहातले असे एकतीस संच मी विनामूल्य द्यायला तयार आहे. नोंदी करण्याचे कामही आनंदाने करीन.

शेवटी त्या मे महिन्यातल्या खोक्याविषयी. ज्या कुटुंबाच्या घरातून ते निघाले, त्यांच्याकडे पुस्तिका चुकून नव्या घरी गेली असेल, तर त्यांनी कृपया आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. पुस्तिका त्यांच्याकडेच राहू द्यावी. फ्लॉप्या आणि खोके मी त्यांना घरपोच नेऊन देईन.

आपला विश्वासू,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)