स्मारकावर आकडा नको, नाव हवे

महोदय,

खडकीची युद्ध दफनभूमी म्हणजे गोऱ्यांची, तिच्याशी आपला काय संबंध, असे पुण्यात अजूनही ऐकू येते. मी तिथून जवळच राहतो आणि मला हे म्हणणे पटत नाही. पश्चिम व मध्य भारतातील ज्या थडग्यांची कायमची निगा राखली जाण्याची खात्री नव्हती, ती येथे एकत्र आणली गेली. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ जणांचे दफन येथे आहे. आवारातील १९१४-१८ च्या स्मारकावर पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात मरण पावलेल्या आणखी अठराशेहून अधिक जणांची नावे आहेत. त्यांपैकी ६२९ जणांचे अवशेष जून १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडीहून आणले गेले. हुद्दा, वंश किंवा धर्म पाहून स्मारकात भेद करायचा नाही आणि प्रत्येकाचे नाव लिहायचे, हे या दफनभूमीमागचे तत्त्व आहे. अधिकारी आणि साधा शिपाई यांचे दगड एकाच मापाचे आहेत.

सातारा जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके लोक १९१४-१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच इंग्रजी मजकूर तिच्यावर आहे. नाव एकाचेही नाही. गेल्या वर्षी चावडी रंगवताना रंगाऱ्याने तिच्यावरूनही ब्रश फिरवला. मी नखाने रंग खरवडला, तेव्हा पहिल्यांदा वर आला तो आकडाच.

याच युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या. त्या आघाडीवर पडलेल्यांसाठी बसऱ्याला १९२९ मध्ये उभारलेल्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी लिहिली. म्हणजे खडकीत पाळलेले तत्त्व आपल्या माणसांच्या वाट्याला आले नाही. ही दोन्ही स्मारके ज्याच्या अखत्यारीत येतात त्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या समितीने २०२१ च्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली आहे. ती शंभर वर्षे उशिरा आली, तरी तिचे मोल मी कमी मानत नाही.

आता पुढचे काम आपले आहे. ज्या गावांत अशा पाट्या आहेत, तेथील ग्रामपंचायतींनी जुनी पाटी न हलवता तिच्या खाली नावांची मराठी पाटी बसवावी. आयोगाच्या नोंदींत नावे शोधता येतात; देव्हाऱ्याजवळच्या डब्यांत जपलेली पदके आणि पेन्शनचे कागद गावातच सापडतील, आणि ज्यांना आजोबा-पणजोबांची नावे सांगता येतात अशी वडीलधारी माणसे अजून हयात आहेत, तोवरच हे काम उरकायला हवे. पैशाची अडचण पुणेकरांनी तरी सांगू नये. लष्कर भागातील १९९८ चे राष्ट्रीय युद्ध स्मारक लोकवर्गणीतूनच उभे राहिले. आमच्या गावच्या पाटीखाली हातभर भिंत मोकळी आहे.

— एक निवृत्त शिक्षक, खडकी, पुणे