बोरिवलीतला तो महाधनेश नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला म्हणून आपण छायाचित्रात छापलेला ‘महाधनेश’ (हॉर्नबिल) हा महाधनेश नसून साधा राखी धनेश आहे. सोबतच्या मजकुरात त्याला टूकान या मोठ्या चोचीच्या परदेशी पक्ष्याचा भाऊबंद म्हटले आहे, तेही चूक.

ओळख टोपावरून पटते. राखी धनेशाच्या चोचीवरचा टोप लहान, काळपट, पुढे टोकदार. सगळा पक्षी राखी, लांबी जेमतेम 60 सेंमी, आवाज घारीसारखा किंचाळता. महाधनेश मीटरभर लांब, त्याचा टोप पिवळा, रुंद, पुढे दोन कंगोरे असलेला आणि आतून पोकळ. नराचा डोळा लाल, मादीचा पांढुरका. मानेवरचा आणि पंखांवरचा पिवळा रंग तर शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीच्या तेलाचा, चोचीने चोपडलेला. आपल्याकडे तो पाहायचा तर सिंधुदुर्गाच्या दाट जंगलात जावे. कोकणात त्याला गरुड म्हणतात, त्यातूनही घोळ होतो.

जीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1758 साली महाधनेशाला ब्युसेरॉस बायकॉर्निस हे नाव दिले. ब्युसेरॉस म्हणजे बैलाच्या शिंगाचा, बायकॉर्निस म्हणजे दोन शिंगांचा. ते दोन कंगोरे नावातच आहेत. राखी धनेश ऑसिसेरॉस बायरोस्ट्रिस. म्हणजे दोघांचे कुळ एक (ब्युसेरॉटिडी), प्रजाती वेगळ्या. जुन्या पुस्तकांत हे कुळ खंड्या, नीलपंख यांच्या गणात (कुळांच्या मोठ्या गटात) सापडेल. आता ते ब्युसेरॉटिफॉर्मिस या स्वतंत्र गणात मोडते आणि त्याचा जवळचा नातलग आहे हुदहुद. टूकान अमेरिकेतला, सुतारपक्ष्यांच्या गणातला. त्याचे नाते मुंबईभर टुकटुक करणाऱ्या तांबटाशी! मोठी चोच धनेश आणि टूकान दोघांनी आपापल्या वाटेने कमावली. धनेशाच्या मानेचे पहिले दोन मणके मात्र एकमेकांना जोडलेले असतात. चोचीचा भार पेलायची ही खास सोय.

नाव चुकले तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. महाधनेश म्हटले की वाचकाला वाटते, तो लांबच्या जंगलातला, आपल्या सोसायटीतल्या झाडाशी त्याचा काय संबंध? राखी धनेश मात्र शहरातल्या जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो, तेही नेमके एप्रिल ते जूनमध्ये. मादी आत बसून विष्ठा आणि फळांच्या लगद्याने ढोलीचे तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढी फट ठेवते. आत तिची उड्डाणपिसे झडतात. त्याच दिवसांत पावसाळ्याआधीची छाटणी चालते. ढोलीची फांदी उतरवली तर मादीला उडून जाता येत नाही आणि पिल्ले तर तिच्याबरोबरच खाली येतात.

म्हणून करवत लावण्याआधी अर्धा-पाऊण तास झाड पाहावे. राखी पक्षी चोचीत वड-पिंपळाची फळे घेऊन एकाच भोकाशी पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती फांदी पिल्ले उडेपर्यंत तशीच ठेवावी. भोकाखाली बियांचा आणि विष्ठेचा सडा दिसतो, तीही खूण.

चित्रओळ दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक पक्षिनिरीक्षक, मुलुंड