टीवायची मुलं जातात, गट राहायला हवा

मुंबई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजातल्या एलजीबीटी (समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर) मुलामुलींच्या गटाचं काम प्राचार्यांनी तुझ्यावर सोपवलं, आणि तू पोस्टरच्या मागे लागलायस! पोस्टर राहू दे. असे गट कशाने तगतात आणि कशाने बंद पडतात, ते आधी बघ.

मुंबईत कॉलेजं या कामात उशिरा आली. १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचं मासिक निघालं, १९९४ साली त्यांच्यासाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट सुरू झाला. जुलै २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची धार बोथट केली आणि २०११ साली पवईच्या आयआयटीत ‘साथी’ हा असाच विद्यार्थ्यांचा गट उभा राहिला. ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, तरी साथी चालूच राहिला. पुढे २०१८मध्ये या कलमाविरुद्ध याचिका करणाऱ्यांत देशभरातल्या आयआयटींचे २० आजी-माजी विद्यार्थीही होते. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, ते तुला ठाऊकच आहे.

तेव्हा कायदा फिरला म्हणून गट मरतो असं नाही. तो मरतो एप्रिलमध्ये, टीवायची म्हणजे शेवटच्या, तिसऱ्या वर्षाची बॅच बाहेर पडली की. आयआयटीत बीटेकची मुलं चार वर्षं, तीही होस्टेलवर. तुझ्याकडे बहुतेकांची तीन वर्षं, आणि रोज विरार-डोंबिवलीहून येजा. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच एसवायची, दुसऱ्या वर्षाची दोघं हाताशी घे. जानेवारीपासून बैठक त्यांनी चालवायची, टीवायवाल्यांनी नुसतं बाजूला बसायचं. गटाच्या ईमेलला विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर जोडू नका. मुलगा नोकरीला बंगळुरूला जातो, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि खातं कायमचं अडकतं. नंबर तुझा दे, पासवर्ड मात्र मुलांकडेच.

सगळ्यात जास्त जपायचं ते नावांना. हजेरीची वही नको, फोटो नको. गूगल फॉर्म केलाच तर कॉलेजच्या खात्यावरून नको, ते खातं कॉलेजच्या अ‍ॅडमिनच्या ताब्यात असतं. आणि ‘ईमेल गोळा करा’ हा पर्याय बंद ठेव. साध्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. त्यापेक्षा कम्युनिटी कर, तिच्या घोषणांच्या ग्रुपात इतर सदस्यांना नंबर दिसत नाहीत, फक्त अ‍ॅडमिनला दिसतात. नाव ठेव ‘सबमिशन’सारखं काहीतरी कंटाळवाणं. दहा बाय बाराच्या खोलीत फोन फ्रिजवर चार्जिंगला असतो, स्क्रीन उजळते आणि ग्रुपचं नाव आधी दादा वाचतो. घरी कळतं ते बरेचदा असंच.

नव्याने येणाऱ्याला थेट बैठकीत बोलावू नका. आधी दोघांनी भेटायचं, एकट्याने कधीच नाही. खोट्या प्रोफाइलवरून भेटून पैसे उकळणारे आहेत. जागा वर्दळीची हवी, दादर स्टेशनजवळचं एखादं हॉटेल चालेल, कॉलेजचं कॅन्टीन नको. बैठक दीड तासाची पुरे. पहिली दहा मिनिटं नियम सांगण्यात जाऊ देत, दर वेळी, जुने कितीही कंटाळले तरी. नाव खरं सांगायची सक्ती नाही, आणि इथलं बाहेर न्यायचं नाही. खोली स्टाफरूमच्या मजल्यावर नको, शिक्षकांच्या नजरेसमोर मुलं फिरकणार नाहीत.

ज्युनिअर कॉलेजची मुलं येतील, तिथे मात्र जपून. ती अठराच्या आतली. पॉक्सोखाली, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली, त्यांचे संमतीचे संबंधही गुन्हा ठरतात आणि ज्याला कळलं त्याच्यावर कळवण्याचं बंधन येतं. त्यांच्यासाठी माहितीचं सत्र वेगळं घ्या आणि समुपदेशक प्रशिक्षित हवा. हे बंधन त्यानेही मुलाला बोलायला बसण्याआधीच सांगितलं पाहिजे. मध्यरात्री कोणी खचून मेसेज केला तर एसवायच्या पोराने डॉक्टर व्हायचं नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो, तो कम्युनिटीच्या वर्णनात टाकून ठेव.

आता अर्ज. ‘विशेष बाब म्हणून’ वगैरे विनवण्या नकोत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगविरोधी नियमांत २०१६च्या दुरुस्तीने लैंगिक कलावरून किंवा ट्रान्सजेंडर असण्यावरून छळणं, वगळणं हेही रॅगिंग ठरलंय. त्याचा हवाला देऊन महिन्यातून दोन शनिवार खोली माग. कार्यालयातून शिक्क्यासह पोच घे आणि तिची एक प्रत मुलांकडेही दे. प्राचार्य बदलले की तोंडी परवानगी कुणालाच आठवत नाही.

तुझा,
मित्र